सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) रिपोर्टमधल्या न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट वगैरे पेशी नक्की काय करतात? (आईला भातलावणीनंतर ताप)

लालमाती
नमस्कार मंडळी, कुडाळजवळच्या गावातून लिहितोय. लावणी आटपली आणि आईला थंडी वाजून ताप भरला, पोटऱ्या एवढ्या दुखतायत की हात लावू देत नाही, डोळे लाल. डॉक्टरांनी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून चिखलपाण्यात येणाऱ्या बॅक्टेरियाचा ताप) संशय म्हणून लगेच ॲडमिट करून इंजेक्शन चालू केलंय, आता ताप जरा उतरलाय. माझा प्रश्न रिपोर्टचा आहे. टोटल काउंट (सगळ्या पांढऱ्या पेशी) १५,४००, न्यूट्रोफिल ८६, लिम्फोसाइट ९, मोनोसाइट ५, इओसिनोफिल ०, बेसोफिल ०, प्लेटलेट १ लाख १० हजार. चुलतभाऊ म्हणतो लिम्फोसाइट कमी म्हणजे इम्युनिटीच गेली, पावडर चालू कर. आणि लेप्टोची आयजीएम टेस्ट निगेटिव्ह आलीय, मग लेप्टो नाहीच का? डॉक्टर राउंडला येतात तेव्हा एवढं विचारायला वेळच मिळत नाही, कोणीतरी नीट समजावून सांगा.

स्लाइडवाला
दादा, मी लॅबमध्येच काम करतो म्हणून सांगतो, पावडरीचं आधी डोक्यातून काढा. ते ९ हे टक्के आहेत, पेशींची संख्या नाही. १५,४०० चे ९ टक्के काढा, साधारण १,३८६ येतात, आणि मोठ्या माणसात १,००० ते ४,००० नॉर्मल धरतात. म्हणजे आईच्या लिम्फोसाइट जागेवर आहेत, फक्त न्यूट्रोफिल बेसुमार वाढलेत. गणपतीला मुंबईवाले आले की वाडीत कायम राहणाऱ्यांचा टक्का घटतो पण माणसं तेवढीच असतात ना, तसंच हे.

न्यूट्रोफिल म्हणजे बॅक्टेरिया शिरला की सगळ्यात आधी धावणारी पेशी. हाडांच्या मगजात रोज अब्जावधी तयार होतात, रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात, बॅक्टेरिया गिळायचा, आतल्या दाण्यांमधल्या रसायनांनी मारायचा आणि स्वतःही मरायचं, जखमेतला पू म्हणजे मुख्यतः हेच मेलेले न्यूट्रोफिल. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून रंगवला की ते लगेच ओळखू येतात, केंद्रक तीनचार तुकड्यांचं, मधे बारीक धागे. जोरदार इन्फेक्शन असलं की आतले दाणे गडद आणि जाडे दिसतात, आम्ही तसा शेरा मारतो. इओसिनोफिल ० बघून घाबरू नका, अंगात तीव्र इन्फेक्शन असताना ते रक्तातून जवळजवळ गायब होतात, बरं वाटायला लागलं की परत दिसतात. बेसोफिल तर निरोगी माणसातही शंभरात एखादाच, त्यामुळे त्याच्या ० ला काही अर्थ नाही.

बायोवाल्या_बाई
स्लाइडवाला यांनी छान सांगितलंय, मी चिपळूणला अकरावी-बारावीला बायो शिकवते, थोडी भर घालते. रिपोर्टात दिसतात त्या फक्त रक्तातून फिरणाऱ्या पेशी, खरं काम बरंचसं रक्ताबाहेर चालतं. तो ५ टक्के मोनोसाइट आहे ना, तो रक्तातून बाहेर पडून मांसात, यकृतात, प्लीहेत गेला की मोठा होतो आणि मॅक्रोफेज बनतो, जंतूही खातो आणि मेलेल्या पेशीही साफ करतो. हे गिळणं पहिल्यांदा मेचनिकॉफने नीट दाखवलं, १८८२ साली इटलीत मेसिनाला. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात बारीक काटे टोचून ठेवले तर दुसऱ्या दिवशी पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या दिसल्या. १९०८ चं नोबेल त्याला आणि एर्लिखला मिळालं. लावणीत तळव्याला काटा किंवा कांडं लागलं की त्या जागी हेच होतं.

दुसरी महत्त्वाची डेंड्रिटिक पेशी. ती कातडीत बसलेली असते, जंतूचा तुकडा घेऊन जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठीपर्यंत जाते आणि टी पेशींना (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) दाखवते, त्या गाठी सुजतात त्या याच धावपळीमुळे. तिथून लिम्फोसाइटचं काम सुरू होतं. रिपोर्टात लिम्फोसाइट एकच आकडा असतो पण त्यात तीन प्रकार असतात. बी पेशी अँटिबॉडी बनवतात, टी पेशींतल्या काही बी पेशींना कामाला लावतात आणि काही व्हायरस शिरलेल्या पेशी थेट मारतात, आणि तिसऱ्या एनके पेशी आधीची ओळख नसतानाही बिघडलेली पेशी मारतात. एचआयव्ही नेमका त्या मदतनीस टी पेशींवर बसतो म्हणून सगळंच ढासळतं.

देवबागकर
आधी आवशीक बरा वाटूदे, बाकी गजाली मगे. इओसिनोफिलचं माझ्या अनुभवातलं सांगतो, माझे एकदा खूप वाढलेले, डॉक्टर म्हणाले पोटात जंत किंवा ॲलर्जी, औषधाने उतरले. मला कोळंबी चालत नाही, खाल्ली की ओठ सुजतात, तेव्हा कळलं की ते मास्ट सेलचं काम, ती रक्तात नसतेच, कातडीत आणि आतड्याच्या अस्तरात असते आणि हिस्टामिन सोडते.

लालमाती
खूप आभार सगळ्यांचे, टक्क्यांचा हिशोब भावाला पाठवला. पण आयजीएमचं राहिलं.

स्लाइडवाला
आयजीएम ही अँटिबॉडी आहे, म्हणजे बी पेशींचं काम, आणि त्यांना वेळ लागतो. नेमकी बी पेशी सापडायची, तिची संख्या वाढायची, मग अँटिबॉडी रक्तात सापडण्याइतकी व्हायची, यात ताप सुरू झाल्यापासून पाचसात दिवस जातात. त्याआधी रक्त घेतलं तर लेप्टो असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, पहिल्या आठवड्यात पीसीआर (थेट जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) जास्त उपयोगी. म्हणूनच डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध चालू करतात, ते अगदी बरोबर केलंय. लेप्टोचा जंतू असा आहे की अँटिबॉडी चिकटल्याशिवाय न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेजला तो धड गिळता येत नाही, त्यामुळे न्यूट्रोफिल ८६ असले तरी एकट्याने भागत नाही. परत आयजीएम कधी करायची ते डॉक्टरांना विचारा, आणि लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली तर रात्र असली तरी नर्सला लगेच सांगा.

बायोवाल्या_बाई
अजून एक, बरं झाल्यावर स्मृतीपेशी (तो जंतू लक्षात ठेवणाऱ्या लिम्फोसाइट) राहतात हे खरं पण लेप्टोचे प्रकार भरपूर आहेत आणि एकाची स्मृती दुसऱ्याला फारशी चालत नाही. त्यामुळे आईंना पुढच्या वर्षीही चिखलात गमबूट लागतील. आणि त्याच शेतात उतरलेल्या बाकीच्यांसाठी लेप्टो टाळायच्या डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन) गोळ्यांचं प्राथमिक आरोग्य केंद्रात आजच विचारा, कोणी गरोदर असेल तर तेही तिथे सांगा.

लालमाती
बाबा आणि शेजारच्या काकू दोघंही उतरले होते, उद्या सकाळीच नेतो दोघांना.