इंदापूरकडची साडेतीन एकर क्षारपड: आधी जिप्सम की आधी निचरा?

हडपसरकर_शेतकरी: नोकरी पुण्यात, शेती इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्यावर. वडील चाळीस वर्षं ऊस घेतायत. खालच्या अंगाच्या साडेतीन एकरात आता उगवणच होत नाही. उन्हाळ्यात पांढरं मीठ फुटतं, पावसाळ्यात पाय रुततो. दुकानदार म्हणतो एकरी दोन टन जिप्सम टाका. एकाने पाईप निचरा (जमिनीखाली छिद्रांचे पाईप पुरून पाणी बाहेर काढणं) सुचवलाय. आधी काय करू?

मातीचा_माणूस: दुकानदाराचं ऐकण्याआधी माती तपासा. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात (केव्हीके) किंवा शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात. क्षारता 4 (डेसीसायमन प्रति मीटर) च्या वर आणि सामू (पीएच) 8.5 च्या आत असेल तर जमीन नुसती खारवट. तिला जिप्समची गरजच नाही, गोडं पाणी देऊन क्षार धुवून काढायचे. सामू 8.5 च्या वर आणि मातीला चिकटलेलं सोडियम 15 टक्क्यांच्या वर गेलं, तर ती चोपण. भिजली की लोणी, वाळली की दगड. जिप्सम तिच्यासाठी.

एक मात्र विचारून घ्या. 4 हा आकडा संपृक्त मातीच्या अर्काचा, म्हणजे माती पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याचा आहे. बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजतात, त्यात आकडा बराच कमी येतो आणि माणूस उगाच निर्धास्त होतो.

बागायतदार_बारामती: भाऊ, आम्ही नुसतं जिप्सम टाकून दोन हंगाम घालवले. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला ढकलतो, पण सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर जाणार कुठे? खाली वाट नसेल तर जागच्या जागी. मग पाईप टाकले. ठेकेदाराने उतार डोळ्याने धरला. मधे पाईप खोलगट बसला, गाळ साचला, अर्धी लाईन बंद. पुन्हा खणून लेव्हल लावून टाकली तेव्हा कुठे पाणी वाहिलं. शंभर मीटरला 10 ते 20 सेंमी उतार हवाच.

निवृत्त_पाटकरी: हे दुखणं जुनं आहे बरं. खडकवासल्याची जलसंशोधन संस्था 1916 मध्ये सुरू झाली तीच मुळी कालव्याचं पाणी आणि पिकाची गरज यांचा मेळ घालायला. पाण्याची मोकळीक झाली, त्यात मोकाट पाट, बारमाही ऊस. पाण्याची पातळी वर येते, उन्हाने जमीन वातीसारखं पाणी ओढते, पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं. ठिबक केलंत का? नसेल तर पाईप टाकूनही वरून भर घालत राहाल.

मातीचा_माणूस: काकांचं बरोबर. पण ठिबकने साठलेलं मीठ निघत नाही, नवं साठणं कमी होतं. जुनं काढायला निचराच लागतो. साधारण 80 मिमीचा छिद्रांचा पाईप, भोवती गाळणीचं कापड, साडेतीन-चार फूट खोल. कापड नसेल तर छिद्रं बुजू शकतात. दोन ओळींतलं अंतर माती किती झिरपते त्यावर, शेजाऱ्याचं बघून ठरवू नका. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात (सांगलीकडे) यावर बरंच काम झालंय, एकदा विचारा.

बागायतदार_बारामती: आणि पाईप घेण्याआधी तोंड कुठे सोडणार ते ठरवा. ओढ्याचा तळ तुमच्या पाईपच्या टोकापेक्षा वर असेल तर खड्डा आणि मोटारच लागणार. आधी चार फूट खड्डा खणून दुसऱ्या दिवशी पाणी कुठे थांबतं ते बघा.

हडपसरकर_शेतकरी: खणला. अडीच फुटांवर पाणी! ओढा चांगला खोल आहे, पण मधे चुलत्यांचं शेत. आणि बोलणं बंद आहे, सहा वर्षं.

निवृत्त_पाटकरी: त्यांच्या खालच्या कोपऱ्यात मीठ फुटतं का?

हडपसरकर_शेतकरी: फुटतं की. आमच्यापेक्षा जास्त.

निवृत्त_पाटकरी: मग मुख्य पाईप दोघांत एकच, खर्च एकराप्रमाणे. तू जाऊ नकोस, वडिलांना पाठव. आणि आधी मातीचा रिपोर्ट त्यांचाही काढून घे.

हडपसरकर_शेतकरी: शनिवारी गावी जातोय. नमुने दोन्ही शेतांचे घेतो, कुणाला न सांगता.