गणपतीला बोलवाच, पण गरज त्याच्या आधी असते

"गणपती-दिवाळीला मंडळात बोलवलं की दत्तक मुलांना आपली संस्कृती कळते" असं इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मराठी मंडळांबद्दल एकानं लिहिलंय. बरोबरच आहे, पण भारतातून मूल आणणाऱ्या अमेरिकन आईबापांना खरी मदत लागते ती पहिल्या दोन-तीन महिन्यांत, आणि तेव्हा नेमका कुठला सण नसतो. आमच्या इथल्या एका जोडप्यानं पुण्याहून मुलगी आणली, तिची हातावर टोचून करतात ती टीबीची टेस्ट चांगलीच फुगली आणि आई रडकुंडीला आली. मंडळातल्या एका डॉक्टर काकूंनी स्वतःची बाही वर करून डाव्या दंडावरचा बीसीजीचा (टीबीवरच्या लसीचा) वण दाखवला, तसाच मुलीच्या दंडावर होता. अमेरिकेत बीसीजी सरसकट देत नाहीत, आणि त्या लसीमुळे ही टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे रक्ताची टेस्ट करून घ्या म्हणाल्या, त्या टेस्टवर बीसीजीचा परिणाम होत नाही (टेस्टच करायची नाही असं मात्र नाही हां, करायचीच).

दुसरं म्हणजे 'कारा'च्या (भारतातली दत्तक प्रक्रिया बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमांप्रमाणे मुलाच्या प्रगतीचे रिपोर्ट दोन वर्षं जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि मग सहामाही, म्हणजे हे लोक आधीच सतत कुणाच्या तरी नजरेखाली असतात. त्यात आपल्याकडच्या काकवा पोरीच्या देखत "खरे आईबाप कोण गं हिचे?" विचारतात, आणि मराठीतनं विचारलं तरी चार वर्षांच्या पोरीला ते नीट कळतं.