जुन्या काळातलं तंत्रज्ञान हाच विषय घेऊन आर्किऑलॉजीत करिअर होतं का?

घोडकाठ:
मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. इनामगावच्या उत्खननाबद्दल वाचलं, ती ताम्रपाषाण काळातली (म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरायचे तेव्हाची) कुंभाराची भट्टी वगैरे, तेव्हापासून डोक्यात तेच चालूय. राजे, लढाया यापेक्षा वस्तू बनवली कशी ते शोधायचंय आणि लोकांना सांगायचंय पण. इंजिनिअरला हे जमेल का? आईबाबा विचारतायत पोटापाण्याचं काय.

मातीची_भांडी:
जमेल की! पुण्याच्या डेक्कन कॉलेजला आर्किऑलॉजीच्या एमएसाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते. आधी आर्किऑलॉजिस्ट मार्क केनॉयर यांचं काम वाच. हा माणूस भारतात वाढलेला, हिंदी-उर्दू बोलणारा, हडप्पाला वर्षानुवर्षं खोदकाम केलं आणि तिथले अकीकाचे (एक कठीण, शोभेचा दगड) मणी कसे बनले असतील हे समजून घ्यायला गुजरातमधल्या खंबातच्या कारागिरांकडे जाऊन बसला, बडोद्याचे आर्किऑलॉजिस्ट कुलदीप भान सोबत होते. दगड भाजून लाल कसा करतात, शिंगाच्या हातोडीने कसा छिलतात, सगळं बघून नोंदवलं. आजचे कारागीर भोक पाडायला हिऱ्याची कणी लावतात, हडप्पावाल्यांकडे एक वेगळाच कठीण दगड होता, त्याला यांनी अर्नेस्टाइट नाव दिलं. त्याने तासाला जेमतेम २.५ मिमी भोक पडतं, म्हणजे ६ सेंमीच्या एका मण्याला २४ तास नुसतं ड्रिलिंग! मला तर हे वाचल्यापासून म्युझियममधला मणी बघताना तो माणूसच दिसतो.

घोडकाठ:
बाप रे. पण ड्रिल कुठलं होतं हे कळतं कसं ताई?

मातीची_भांडी:
भोकात सिलिकॉन भरून ठसा काढायचा आणि तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचा, आतल्या रेघांवरून कळतं. इथे तुझं मेकॅनिकल कामी येणार बघ.

सातमाळा:
नोकरीचं मी सांगतो. एएसआय (केंद्राचं पुरातत्त्व खातं), राज्याचा पुरातत्त्व विभाग, म्युझियम, नाहीतर नेट-पीएचडी करून शिकवणं. जागा कमी आहेत, जाहिराती उशिरा निघतात, घरच्यांना हे आधीच स्पष्ट सांग. एमएनंतर ग्रेटर नोएडाला एएसआयचा २ वर्षांचा डिप्लोमा आहे, तोही बघून ठेव. आणि लोकांना सांगायचंय त्यासाठी डिग्रीची वाट कशाला बघायची? केनॉयरनी १९९८ मध्ये न्यूयॉर्कला सिंधू संस्कृतीचं मोठं प्रदर्शन उभं केलं, पण त्यामागे कारागिरांसोबत घालवलेली वर्षं आहेत. तू तुझ्या गावच्या कुंभाराकडे जा, भट्टी कशी लावतो, लाकूड किती लागतं, किती भांडी फुटतात ते लिहून काढ, त्याला विचारून व्हिडिओ कर आणि त्याचं नाव द्यायला विसरू नकोस.

घोडकाठ:
आमच्याकडे एक आजोबा अजून भट्टी लावतात, रविवारी जातो.