बौरान म्हणजे डफ की हलगी?

कातरवेळ: 'द चिफ्टन्स'वर लेख लिहितेय. पॅडी मलोनींनी १९६२मध्ये डब्लिनला सुरू केलेला आयरिश लोकसंगीताचा बँड. त्यात डेव्हिड फॅलन, मग पॅडर मर्सियर, १९७६पासून केव्हिन कॉनेफ बौरान वाजवत. गोल लाकडी कडं, त्यावर बकऱ्याचं कातडं. मी 'डफ' लिहिलं, तर भाऊ म्हणतो, डफ म्हटलं की शाहीर उभा राहतो. काय लिहू?

डोंगरवाट: हलगी लिहा, काडीनेच वाजते. आमच्या जत्रेत हलगीवाले आधी पाचट पेटवून कातडं शेकतात, टिचकी मारून बघतात, मगच काडी उचलतात.

सुतळी: हलगीला दोन काड्या. बौरानला एकच, आखूड, दोन्ही टोकांनी चालणारी. दुसरा हात आतून कातड्याला टेकलेला, त्याने आवाज चढतो-उतरतो. हलगी कडाडते, हे घुमतं.

पागोळी: 'चर्मवाद्य' असताना परकं नाव कशाला?

सुतळी: तबलाही चर्मवाद्यच. गिटारला आपण कुठे नाव शोधत बसलो?

अक्षरवेडा: परकं कसलं! आयरिशमध्ये 'बौर' म्हणजे बहिरा. लिहिताना मधे 'ध' आहे, बोलताना गळाला. आपला 'बधिर' त्याच मुळातला. आपल्याही 'ध'चा प्राकृतात 'ह' झाला, म्हणून बहिरा.

पागोळी: असली जुळवाजुळव रोज वाचतो.

अक्षरवेडा: ही भाषाशास्त्रात मान्य आहे. वाद वाद्याच्या नावाचा आहे. दबक्या आवाजामुळे बौरान, की धान्य पाखडायच्या कातडी सुपावरून? मला पहिलं पटतं.

डोंगरवाट: मला दुसरं. सूप वाजतंच! लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री आजी अलक्ष्मी हाकलायला सूप बडवत घरभर फिरायची. शेवटी सुपाच्या कामट्या सुटायच्या.

कातरवेळ: मग डफ चालेल का?

पागोळी: आधी 'बँड' काढा. बँड वरातीचा. 'वाद्यवृंद' लिहा.

सुतळी: वाद्यवृंद म्हणजे पन्नास माणसं आणि समोर संचालक. हे पाच-सहा जण खुर्च्या टाकून वाजवणारे. बँडच बरोबर.

अक्षरवेडा: ताई, मलोनींच्या 'इलन' पाइपला 'फुंकवाद्य' लिहू नका. इलन म्हणजे कोपराचं. तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखाली भाता दाबून पिशवीत हवा भरतात.

डोंगरवाट: भाता लोहाराचा ना?

पागोळी: पेटीलाही भाताच असतो. हा शब्द मात्र जरूर ठेवा.