पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) दाणा: ५०-५० बॅग घ्यायच्या की पूर्ण गाडी?

भोसरी_मोल्डिंग:
पाच इंजेक्शन मशीन आहेत, घरगुती डबे आणि झाकणं काढतो. महिन्याला साधारण १२ टन पीपी होमो (होमोपॉलिमर, म्हणजे साधा पीपी) लागतो, म्हणजे २५ किलोच्या ४८० बॅग. ग्रेड रिलायन्सचा रेपॉल एच११०एमए. सध्या व्यापाऱ्याकडून ५०-५० बॅग येतात, ३० दिवसांची उधारी असते. कंपनीच्या एजंटकडून दहाचाकी गाडी, १६ टन, एकदम घेतली तर किलोमागे ३ रुपये वाचतात म्हणे, पण पैसे आगाऊ. ४०० चौरस फूट जागा रिकामी करता येईल. घ्यावी का गाडी?

दाणाबाजार:
आधी व्यापाऱ्याला एकच विचारा: आज रोख दिले तर भाव काय? तुम्ही उधारीचा भाव आणि आगाऊ पैशाचा भाव शेजारी ठेवून बघताय, म्हणून फरक ३ रुपये दिसतो. समजा दाणा १०० रुपये किलो धरला, तर ३० दिवसांसाठी ३ रुपये म्हणजे महिना ३ टक्के झाले. एवढं व्याज बँकही घेत नाही.

व्यापारी रोखीत दीड रुपया सोडत असेल, तर गाडीची खरी बचत उरलेला दीड रुपया. त्यातून व्याज काढा. १६ टन संपायला ४० दिवस लागतात, म्हणजे सरासरी ८ टन माल पडून राहतो. वर्षाला १२ टक्के व्याजाने साधारण १०,६०० रुपये, किलोमागे ६६ पैसे. हातात राहिले ८४ पैसे, पूर्ण गाडीवर १३ हजारांच्या आसपास. भाडं आणि उतरवायची हमाली कोणाकडे, हे अजून धरलेलं नाही. आणि ८ टन शिल्लक असताना भाव २ रुपयांनी उतरला, तर १६ हजार तिथेच गेले. भाव चढला तर उलटं, पण त्यावर धंद्याचं गणित बसवू नका.

एजंटकडून दोन गोष्टी लेखी घ्या. पहिली, प्राइस प्रोटेक्शन: माल उचलल्यावर कंपनीने भाव कमी केला तर किती दिवसांपर्यंत क्रेडिट नोट मिळते. दुसरी, महिन्याच्या उचलीवरचा स्लॅब, म्हणजे महिन्याला किती टन माल घेतला की किती सूट. इथे बरेच जण फसतात. १२ टनांच्या खपात १६ टनांच्या गाड्या म्हणजे चार महिन्यांत तीनच गाड्या, एक महिना कोरा जातो. स्लॅब कॅलेंडर महिन्यावर असेल तर त्या महिन्याची सूट गेली, आणि वर्षाच्या करारात सलग उचलीची अट असेल तर आणखी गोची.

जीएसटी १८ टक्के, म्हणजे १६ लाखांवर २ लाख ८८ हजार वेगळे गुंततात. बिल महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत पडलं तर त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, पुढच्याच रिटर्नमध्ये वापरता येतं. २-३ तारखेचं बिल असलं तर तेच पैसे जवळजवळ महिनाभर जास्त अडकतात.

क्यूसी_वाळूज:
भाव बघताना माल प्राइम (कंपनीच्या पूर्ण दर्जाचा) आहे की ऑफ-ग्रेड (दर्जात न बसलेला), हे आधी पक्कं करा. एजंटमार्फत घेतलं तर बिल थेट कंपनीचं येतं आणि पैसे कंपनीच्या खात्यात जातात. प्रत्येक बॅगवर ग्रेड आणि लॉट नंबर असतो. तो लॉट टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवा. एका गाडीत पाच-सहा लॉट निघाले तर कारण विचारा. शिलाईचा दोरा बदललेला किंवा बॅगेचं तोंड दुमडून पुन्हा शिवलेलं दिसलं तर ती बॅग बाजूला काढा. झाडण (फरशीवर सांडलेला दाणा) किंवा रीप्रो (जुनं प्लास्टिक वितळवून केलेला दाणा) मिसळायची जागा तीच.

पाण्यात दाणा टाकून बघणाऱ्यांनी फार खूश होऊ नये. पीपीची घनता ०.९० च्या आसपास असते. चुनखडीच्या पुडीचं फिलर (स्वस्त भर) साधारण १४ टक्क्यांच्या वर गेलं तरच दाणा बुडतो. १० टक्के भेसळ मजेत तरंगते. खात्री हवी तर राख बघा: ५ ग्रॅम दाणा क्रुसिबलमध्ये भट्टीत ६०० अंशांवर पूर्ण जाळा. प्राइम होमो जवळजवळ काही मागे ठेवत नाही, चुना असेल तर पांढरी राख वजनावर दिसते.

एमएफआय, म्हणजे वितळलेला दाणा किती सहज वाहतो त्याचा आकडा, २३० अंश आणि २.१६ किलो वजनावर मोजतात. एच११०एमएचा ११ असतो. १५-१६ निघाला तर झाकणांना फ्लॅश (कडेला जादा पापुद्रा) येईल, ७-८ निघाला तर पातळ भिंतीचे डबे शॉर्ट (अर्धवट भरलेले) जातील आणि ऑपरेटर तापमान वाढवत बसेल. प्रत्येक लॉटचा किलोभर नमुना लेबल लावून ठेवा, नाहीतर तक्रार करायला हातात काही राहत नाही. डब्यांत खाण्याचे पदार्थ जाणार असतील तर आयएस १०९१० (खाद्यपदार्थांना लागणाऱ्या पीपीचं भारतीय मानक) चा दाखलाही सोबत मागा.

गोदाम_भिवंडी:
१६ टन म्हणजे ६४० बॅग. एका पॅलेटवर ५५ बॅगची थप्पी धरली तर १२ पॅलेट. एकावर एक न चढवता, फिरायला वाट सोडून, ४०० फुटांत बसतात. थेट फरशीवर लावू नका, भिंतीपासून फूटभर सोडा, जुना लॉट पुढे ठेवा.

पावसाळ्यात खरा ताप गाडी उतरवताना होतो. पीपी स्वतः ओल पीत नाही, पण दाण्यांवर पाणी बसलं तर मालावर चंदेरी रेघा येतात. ओल्या बॅगा वेगळ्या ठेवा, आणि वापरायच्या असतील तर हॉपर ड्रायरमध्ये ८० अंशांवर तासभर तरी फिरवा. फाटक्या आणि ओल्या बॅगांचा आकडा बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) लिहून ड्रायव्हरची सही घ्या, मगच पोच द्या. कोरी पोच दिली की क्लेम संपला. गाडीचा काटा भरलेली आणि रिकामी दोन्ही करा, शिवाय दहा बॅगा स्वतः मोजा.

दिवसाला १६ बॅग लागतात, तेव्हा १६० उरल्या की पुढची ऑर्डर द्या. गाडी यायला आठवडा गेला तरी मशीन थांबणार नाही.

भोसरी_मोल्डिंग:
धन्यवाद. व्यापारी रोखीत १ रुपया २५ पैसे सोडतो म्हणाला. शेजारच्या युनिटला हाच ग्रेड लागतो. गाडी अर्धी-अर्धी केली तर?

दाणाबाजार:
चालेल, पण दोन बिलं आणि दोन ई-वे बिलं (माल नेतानाची जीएसटीची ऑनलाइन नोंद) सुरुवातीपासून वेगळी करून घ्या. सगळं तुमच्या नावावर घेऊन निम्मा माल नुसत्या चिठ्ठीवर शेजारी पाठवू नका. ती तुमची विक्री ठरते, जीएसटीचं बिल लागतं, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिलही लागतं, मग अंतर दोन गल्ल्यांचं असलं तरी. ८ टन तुम्हाला २० दिवस पुरतील. पैसे निम्मे अडकतात, भाव पडला तर झळही कमी. फक्त शेजाऱ्यालाही त्याच कंपनीकडे वेगळं खातं उघडावं लागेल, आणि स्लॅब ज्याच्या-त्याच्या उचलीवर मोजला जातो का ते विचारून घ्या. मोजत असतील तर तुमचा १ रुपया ७५ पैशांचा फायदा अर्ध्या गाडीत टिकेलच असं नाही.