एमजीबीचं इंजिन बांधलं, सेल्फ मारला तर ऑइल प्रेशर शून्य. चालू करू का थांबू?

कॉव्हेंट्रीकर
नमस्कार मंडळी. माझी १९७१ ची एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, १७९८ सीसी, ५ मेन बेअरिंगवालं इंजिन. ब्लॉक ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज बोअर करून घेतला, क्रँक १० थाऊ ग्राइंड केला, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) आणि टॅपेट (कॅम आणि पुशरॉडच्या मधले) नवीन, हेडला एक्झॉस्टच्या सीट कडक बसवल्या कारण आता अनलेडेड म्हणजे बिनशिशाच्या पेट्रोलशिवाय मिळतं काय. बाकी सगळं गॅरेजात मी आणि माझा मेहुणा मिळून बांधलं. इंजिन अजून गाडीबाहेरच आहे, गिअरबॉक्स जोडलाय, स्टँडवर आहे. काल प्लग काढून सेल्फ मारला, गेजचा काटा जागचा हलला नाही. ज्याच्याकडे मशीनिंग केलं तो म्हणतो चालू कर, प्रेशर आपोआप येतं. मला धीर होत नाही. दुसरं म्हणजे स्टँडवरच चालवून बघू का सरळ गाडीत टाकून? इथे चार लोकांना विचारलं तर पाच मतं मिळतात.

पिस्टनपंडित
सोप्पंय भाऊ. डिस्ट्रिब्युटर काढ, त्या भोकातून ड्रिल मशीनला रॉड लावून पंप फिरव, मिनिटात प्रेशर येईल. यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत.

लेथमास्तर_कोल्हापूर
पंडितजी ते अमेरिकन व्ही-८ ला चालतं, हितं नाही चालत. बी-सिरीजला, म्हंजे ह्या एमजीबीच्या इंजिनाला, डिस्ट्रिब्युटरचा ड्राइव्ह वेगळा आन् ऑइल पंपाचा वेगळा, दोन्ही कॅमवरच्या गिअरवर पण आपापल्या जागी, त्यामुळं डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून पंपाला हात लागतच नाही.

कॉव्हेंट्रीकर भावा, तू थांबलास ते बेस्ट केलंस. मी उद्यमनगरात उभं आयुष्य अँबॅसिडरची इंजिनं बांधण्यात घालवलंय, आन् आपल्या अँबॅसिडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन म्हणजे तुझ्या इंजिनाचा थोरला भाऊच, तीच बीएमसी ह्या ब्रिटिश कंपनीची बी-सिरीज, स्ट्रोक दोन्हीचा ८८.९ एमएम, बोअर तेवढा तुझा ८० च्या वर आन् ह्याचा ७३, मेन बेअरिंग ह्याला तीन तुला पाच. पंप बांधताना आत व्हॅसलीन भरलं होतंस का? कोरडा पंप नुसती हवा ढवळत बसतो, तेल वर ओढतच नाही. नसलं भरलं तरी चेंबर (खालचं तेलाचं भांडं) उतरवायची घाई करू नको. ब्लॉकच्या मागच्या बाजूनं ऑइल कूलरला जाणारा पाइप आहे बघ, तो ब्लॉककडून सोड आन् त्या भोकात बारक्या नरसाळ्यानं सावकाश तेल ओत, ते खाली पंपापर्यंत उतरतं. कूलर आन् त्याचे पाइप पण भरून घे, नवीन कूलर रिकामा असला तर निम्मं तेल तोच गिळतो. फिल्टर भरूनच लाव. मग प्लग काढलेलेच ठेवून सेल्फ मार, पण एका दमात दहा-पंधरा सेकंदाच्या वर नको, सेल्फ तापतो. गेजच्या बारीक नळीत हवा असती म्हणून काटा उशिरा उठतो, शंका आली तर गेजकडचा नट ढिला करून तेल येतंय का बघ. तरी नाही आलं तर रिलीफ व्हॉल्व्हचा (जादा प्रेशर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) डोम नट खोल, आत प्लंजर अडकलाय का, स्प्रिंग नीट बसलीय का बघ.

आन् "प्रेशर आपोआप येतं" म्हणणाऱ्याला विचार, बेअरिंग शेल घासले तर ते पण आपोआप येतात का.

घाटवेडा_लेस्टर
मास्तरांना +१. स्टँडबद्दल माझं मत सांगतो, मी पण इकडेच आहे. जमत असेल तर स्टँडवरच चालव. गळती कुठनं होतेय ते चारी बाजूंनी दिसतं, मागचं ऑइल सील गळालं तर इंजिन पुन्हा उतरवावं लागत नाही. पण रेडिएटर, पंखा, एक्झॉस्ट, पेट्रोलचा छोटा कॅन लांब ठेवून, फायर एक्स्टिंग्विशर जवळ, हे सगळं आधी लावून ठेव. कारण पहिल्यांदा चालू झालं की बंद करून सामान शोधत बसायचं नसतं.

महत्त्वाचं म्हणजे नवीन कॅम असेल तर आयडलिंगवर सोडायचं नाही!! चालू झाल्या झाल्या २००० ते २५०० आरपीएमवर न्यायचं आणि वीसेक मिनिटं त्याच्या आसपास थोडं वरखाली करत ठेवायचं. कॅमच्या लोबवर (उंचवट्यावर) तेल येतं ते क्रँकने उडवलेलं, आरपीएम कमी तर तेल कमी, आणि कमी आरपीएमला व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा दाब लोबवर जास्तच बसतो. चालू करायच्या आधी पुशरॉडवर पेंटचा ठिपका दे आणि रॉकर कव्हर काढून सेल्फ मारताना बघ, ठिपका गोल फिरला पाहिजे, म्हणजे टॅपेट फिरतोय. एखादा जागच्या जागी नुसताच वरखाली होत असेल तर तो लोब गेलाच समज.

तेल २०डब्ल्यू५० मिनरल, झिंक भरपूर असलेलं, क्लासिकसाठी मिळतं तेच. आजच्या गाड्यांच्या तेलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी झिंक-फॉस्फरस कमी केलेलं असतं, ते ह्या सपाट टॅपेटला पुरत नाही. आणि पंपावरचं ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं) टाळ, सुपर ई५ (५ टक्क्यांपर्यंत) घाल, जुने रबरी पाइप असतील तर बदलूनच टाक.

कॉव्हेंट्रीकर
मास्तर, घाटवेडा दादा, तुम्हाला साष्टांग! कूलरचा पाइप सोडून तेल ओतलं, बरंच मावलं, मग सेल्फवरच ६० पीएसआय आलं, मेहुणा गॅरेजात नाचला. आठही पुशरॉड फिरतात. आज चालवलं, सांगितल्याप्रमाणे वीस मिनिटं. गरम झाल्यावर ३००० ला ६५, आयडलला २०. कुठेही गळती नाही. पण नंतर गरम इंजिनवरच, थ्रॉटल पूर्ण उघडून कम्प्रेशन घेतलं तर १६५, १६०, १४०, १६२. तीन नंबरचं काय? रिंग मोडली का? रात्रभर झोप नाही.

लेथमास्तर_कोल्हापूर
झोप गड्या. नवीन रिंगा अजून बसल्या पण न्हाईत, एवढ्यात मोडायच्या कशाला. तीन नंबरात चमचाभर तेल सोडून परत घे. कम्प्रेशन चढलं तर रिंग-बोअरचं, तसंच राहिलं तर व्हॉल्व्हचं. आन् हेड रिटॉर्क केलंस का, म्हंजे हेडचे नट परत ठरल्या जोरानं आवळलेस का? हेडखालचं पॅकिंग पहिल्या तापण्यात बसतं. इंजिन पूर्ण थंड होऊ दे, मॅन्युअलच्या क्रमानंच एकेक नट, ४५ ते ५० फूट-पाउंड. ह्या इंजिनात हेडचे काही नट रॉकरच्या पायांतनंच जातात, म्हणून ते आवळले की टॅपेटचं सेटिंग (रॉकर आन् व्हॉल्व्हमधली फट) हलतंच. सगळे परत १५ थाऊला लाव. नऊचा हिशोब माहीत असेलच, आठ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना एक नंबर सेट करायचा, सात असताना दोन, बेरीज नऊ.

कॉव्हेंट्रीकर
चमचाभर तेलानं काहीच फरक पडला नाही, १४० च. मग रिटॉर्क करायच्या आधी टॅपेट मोजले, तीन नंबरचा एक्झॉस्ट फिलर गेजवर ६ थाऊ!! बाकी सगळे १४-१५.

लेथमास्तर_कोल्हापूर
सापडलं मग. नवीन कडक सीट, व्हॉल्व्ह थोडा आत बसला, गॅप कमी झाली, आन् इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह लांबला की पुरता मिटेना. रिटॉर्क कर, सेट कर, पुन्हा तापवून कम्प्रेशन घे. आन् थोडं चालवून झालं की तोच परत मोज, अजून सरकतोय का बघायचं. सरकत राहिला तर सीट हेडमध्ये नीट बसलेली नाही, मग हेड परत मशीनवाल्याकडं, फुकटात करून घ्यायचं.

घाटवेडा_लेस्टर
आणि गाडीत टाकल्यावर पहिल्या दिवसापासून लोड दे रे. तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा थ्रॉटल देऊन वर ने, मग पाय काढून इंजिन ब्रेकवर खाली येऊ दे, असं पुन्हा पुन्हा. नुसतं जपून जपून गल्लीत फिरवलंस तर बोअरला ग्लेझ (गुळगुळीत चकाकी) येतं आणि मग आयुष्यभर तेल पितं. पहिलं तेल लवकर काढ आणि फिल्टर कापून आतला कागद पसरून बघ, फोटो टाक इकडे.

पिस्टनपंडित
माझा ड्रिल तेवढा वाया गेला 😄 गाडीचा रंग कुठला आहे ते तरी सांगा

कॉव्हेंट्रीकर
ब्रिटिश रेसिंग ग्रीन, अजून काय असणार. फिल्टरचा फोटो पुढच्या आठवड्यात टाकतो.