मदत हवी आहे: ७१ सामन्यांत २४ विजय, बेसबॉलचा संघ काही केल्या सावरंना

दुष्काळी_पिचर (धागाकर्ता), सोमवार रात्री ९.१०
राजेहो, डोकं बधिर व्हायलंय. मपला संघ ७१ पैकी २४ जिंकलाय, ४७ हरलाय. डिव्हिजनमध्ये खालून पहिला. बॅटिंग ऑर्डर फिरवून बघितली, पिचर बदलले, हिटिंग कोच घरी पाठवला. फरक शून्य. होमरन मारणारे गडी आहेत तरी हरायलोय. मागच्या आठवड्यात सातव्या इनिंगपर्यंत पुढं असलेले तीन सामने घालवले. कुणी खेळत असंल तर लवकर सांगा, उद्या सकाळी साडेसहाच्या आत पाठवायचंय. आणि "त्यापेक्षा क्रिकेट बघा" असले सल्ले कृपया नकोत.

पिवळी_ज्वारी, ९.१७
कॅप्टन बदला. कॅप्टनला दुप्पट पॉइंट असतात, तो चुकला की सगळंच चुकतं.

गंगाथडी, ९.२२
@पिवळी_ज्वारी बेसबॉल म्हणतोय तो.
@धागाकर्ता, काय पाठवायचंय? कुणाला? संघ तुझा म्हणजे तू खेळतोस की कॉम्प्युटरवर? काहीतरी सांग की बाबा.

सरळमार्गी, ९.२५
पैसे लावून खेळायलाय का? तसं असेल तर २०२५ च्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन गेम बंद झालेत. आमच्या गल्लीतल्या एकानं त्यापायी दोन म्हशी विकल्या. आधी ते सांग, मग मदत मागा.

दुष्काळी_पिचर, ९.४१
एक रुपया नाही लावलेला. म्हशी पण नाहीत आमच्याकडं. आउट ऑफ द पार्क बेसबॉल, दुसरं काय असणार? ऑनलाइन लीग आहे. पिट्सबर्ग माझ्याकडं आहे. आता सांगा.

आकडेवाला_जालना, ९.५८
"दुसरं काय असणार" म्हणे. इथं दहा जणांना बेसबॉल म्हणजे बॅट गोल असते एवढंच माहीत.

बाकीच्यांसाठी: हा मॅनेजरचा गेम आहे. चेंडू आपण मारायचा नसतो. संघ निवडायचा, करार करायचे, कोण कुठं खेळेल ते ठरवायचं. सामना कॉम्प्युटर खेळवतो. ऑनलाइन लीगमध्ये प्रत्येक संघाला एक माणूस, आपली फाईल वेळेत चढवायची, मग लीग चालवणारा कमिशनर एकदम आठवडाभराचे सामने कॉम्प्युटरवर चालवतो, त्याला सिम म्हणतात. साडेसहा म्हणजे अमेरिकेत पूर्वेकडं रात्रीचे नऊ, तेव्हा सिम होत असणार.

@धागाकर्ता, एकूण धावा किती केल्या, किती दिल्या? एका धावेच्या फरकानं हरलेले सामने किती? याच्याशिवाय कुणीही काहीही सांगितलं तरी ती निव्वळ भविष्यवाणी.

बंटप्रेमी, १०.०३
आकडे ठेवा बाजूला. बंट करा, म्हणजे बॅट फिरवायची नाही, नुसती लावून चेंडू जवळच पाडायचा. पहिला गडी बेसवर गेला की दुसऱ्यानं बंट. एक आउट गेला तरी चालतो, गडी दुसऱ्या बेसवर पोचतो. मी तीन सीझन असाच खेळलो.

आकडेवाला_जालना, १०.०६
आणि तीन सीझनमध्ये किती जिंकलास तेही लिही. एका इनिंगला तीनच आउट मिळतात, त्यातला एक तू दान करतोस.

बंटप्रेमी, १०.०८
दान केल्यानं पुण्य लागतं.

उदगीरचा_उद्योगी, १०.१५
सरळ सांगतो. सगळं विकून टाक. तिशी ओलांडलेला एक गडी ठेवू नकोस, बदल्यात पोरं घे, दोन वर्षं मार खा, ड्राफ्टला (नवी पोरं संघांत वाटतात तिथं) वरचा नंबर घे. ह्यूस्टननं हेच केलं. २०११ ला १०६ हरले, २०१२ ला १०७, २०१३ ला १११. आणि २०१७ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे अख्खी स्पर्धाच जिंकले.

गंगाथडी, १०.१९
२०१७ चं ह्यूस्टन म्हणजे कॅचरच्या खुणा कॅमेऱ्यातून चोरून कचऱ्याचा डबा बडवायचे तेच ना? भारी आदर्श दिलास पोराला. शिवाय आता ड्राफ्टला लॉटरी आहे, २०२३ पासून. सगळ्यात खालच्या तिघांना सारखीच संधी, साडेसोळा टक्के. मुद्दाम शेवटचा येऊन काय मिळणार?

उदगीरचा_उद्योगी, १०.२१
त्याच्या लीगमध्ये लॉटरी चालू आहे का ते विचारलंस का आधी?

दुष्काळी_पिचर, १०.४०
लाईट गेली होती. लॉटरी चालू आहे. विकायचं मला नाहीच. पिट्सबर्ग मी मुद्दाम घेतलंय, रिंकू सिंहसाठी.

केलेल्या धावा २८१, दिलेल्या ३२२. एका धावेचे सामने ६ जिंकले, १९ हरले.

पिवळी_ज्वारी, १०.४३
रिंकू सिंह केकेआरचा ना? यश दयालला शेवटच्या ओव्हरमध्ये पाच सिक्स ठोकले होते तो? तो बेसबॉलमध्ये कधी गेला?

गंगाथडी, १०.४८
तो वेगळा. हा भालाफेकवाला, यूपीचाच. २००८ ला एका अमेरिकन एजंटानं आपल्याकडं जोरात चेंडू फेकणारी पोरं शोधायला स्पर्धा घेतली होती. त्यातून रिंकू सिंह आणि दिनेश पटेल निवडले. दोघांनी त्याआधी बेसबॉल हातात धरला नव्हता, आणि त्याच वर्षी पिट्सबर्गनं दोघांशी करार केला. खालच्या लीगमध्ये खेळले, वरच्या संघात काही पोचले नाहीत.

पिवळी_ज्वारी, १०.५०
अरे हा तर वीर महान! डब्ल्यूडब्ल्यूईचा! कपाळावर गंध लावून यायचा तो!

गंगाथडी, १०.५१
तोच. आता धाग्यावर या.

आकडेवाला_जालना, ११.०५
आकडे मिळाले एकदाचे. बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्या बिल जेम्सचं सूत्र लावा: केलेल्या धावांचा वर्ग, भागिले दोन्ही धावांच्या वर्गांची बेरीज. २८१ चा वर्ग ७८,९६१. ३२२ चा १,०३,६८४. उत्तर येतं साधारण ०.४३२. म्हणजे ७१ पैकी ३१ जिंकायला हवे होते. तुझे २४. सात विजय निव्वळ नशिबानं नाहीतर शेवटच्या इनिंगमधल्या पिचरांनी खाल्ले. संघ वाईट आहे, पण तू रडतोस तेवढा नाही.

आता पिचरांचं बघू. स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन एवढ्यावरून, फिल्डर बाजूला ठेवून काढलेला एफआयपी किती, आणि खरा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगला पिचरच्या नावावर लागलेल्या धावा, किती? दोन्ही कमी तेवढे चांगले. आणि मैदानात पडलेल्या चेंडूंवर समोरच्यांची सरासरी?

दुष्काळी_पिचर, ११.२०
एफआयपी ३.६०. ईआरए ४.०५. मैदानातल्या चेंडूंवर .३२८, लीगची सरासरी .२९७. एरर, म्हणजे फिल्डिंगमधल्या चुका, ६८, लीगमध्ये सगळ्यात जास्त. पण पिचर भंगार आहेत हे मला दिसायलंय की, त्यासाठी एवढी आकडेमोड कशाला?

आकडेवाला_जालना, ११.२४
उलटं आहे रे भल्या माणसा! तुझे पिचर चांगले आहेत. चेंडू बॅटला लागून मैदानात पडला की पुढचं काम फिल्डरचं, पिचरच्या हातात फार थोडं उरतं. व्होरोस मॅक्रॅकन नावाच्या आकडेवाल्यानं २००१ मध्येच हे मांडलंय. तुझ्याकडं चेंडू कुणी अडवायलाच नाही. पिचर विकलेस तर बघ.

शिट्टीवाले_सर, मंगळवार सकाळी ५.३०
नमस्कार. मी जिल्हा परिषद शाळेत क्रीडाशिक्षक होतो, आता निवृत्त आहे. सॉफ्टबॉल आणि बेसबॉलचे संघ विभागापर्यंत नेले. हा कॉम्प्युटरचा खेळ मला कळत नाही, त्यामुळे एकच विचारतो. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, कोण उभा आहे?

परभणी_आई, ५.५२
सर, बरं झालं तुम्ही भेटलात. मुलगा सॉफ्टबॉल खेळतो, नववीला आहे. कोणत्या पातळीचं प्रमाणपत्र असलं की नोकरीत पाच टक्के आरक्षणात धरतात? शाळेत कुणी नीट सांगत नाही.

दुष्काळी_पिचर, ६.०५
सर, तिथं माझा सगळ्यात भारी बॅटर आहे. १९ होमरन झालेत त्याचे. मूळचा फर्स्ट बेसचा, पण तिथं आधीच एक चांगला बॅटर आहे. आणि डीएचला (नुसती बॅटिंग, फिल्डिंग नाही) एक म्हातारा बसलाय, त्याचा अजून तीन वर्षांचा करार. मग याला कुठंतरी उभा करावाच लागतो ना. आधीचा शॉर्टस्टॉप .२१४ मारत होता, दिला देऊन.

आकडेवाला_जालना, ६.०८
काय??? २० ते ८० च्या मापात याचं शॉर्टस्टॉपचं रेटिंग किती आहे?

दुष्काळी_पिचर, ६.०९
३०.

आकडेवाला_जालना, ६.०९
आणि हे तू आत्ता सांगतोस.

गंगाथडी, ६.११
विराटला ग्लोव्हज घालून यष्टीमागं उभं करण्यातला प्रकार. कधी केलास हा उद्योग?

दुष्काळी_पिचर, ६.१४
२९ सामने झाल्यावर. तेव्हा १३ जिंकले होते, १६ हरलो होतो.

गंगाथडी, ६.१६
म्हणजे त्यानंतर ११ जिंकले आणि ३१ हरलास. आणि हाकलला कुणाला, हिटिंग कोचला!

दुष्काळी_पिचर, ६.१८
त्यातले गेममधले दोन आठवडे माझी फाईलच गेली नव्हती. मृगाचा पाऊस झाला, डीपीवर झाड पडलं, तीन दिवस गावात लाईट नाही. त्यात पेरणी. जुनी लाइनअप तशीच चालली, १ जिंकलो १२ हरलो. ते धरू नका.

आकडेवाला_जालना, ६.१९
हे पण आत्ताच! डॉक्टरकडं जाऊन "दुखतंय" एवढंच सांगतोस का रे?

शिट्टीवाले_सर, ६.२१
उजव्या हाताच्या बॅटरनं ओढून मारलेला चेंडू बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधून जातो, आणि जगात बॅटर उजव्या हाताचेच जास्त. सॉफ्टबॉलला बेस साठ फुटांवर असतात, बेसबॉलला नव्वद. म्हणजे शॉर्टस्टॉपनं वाकून, धावता धावता चेंडू उचलायचा आणि सरळ न होताच लांब फेकायचा. अर्धा सेकंद उशीर झाला की बॅटर बेसवर. आमचं मैदान मुरमाचं होतं, चेंडू खड्यावर पडून थेट तोंडावर यायचा. एका पोराचा दात मी रुमालात बांधून दवाखान्यात नेलेला आहे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथंच उभा राहिला, कारण त्या जागेवर दुसरा कुणी चालत नव्हता. त्याला बॅटिंगला मी नवव्या नंबरवर पाठवायचो. त्यानं चार वर्षांत एक होमरन मारला नाही आणि मी त्याला एकदाही बसवला नाही.

ताई, प्रमाणपत्राचं सावकाश लिहितो, ते एका ओळीचं काम नाही. पडताळणी क्रीडा खात्याकडून होते, त्यामुळे स्पर्धा मान्यताप्राप्त होती का ते आधी बघा, कागद नंतर.

बंटप्रेमी, ६.२३
सरांचा तो पोरगा बंट करत असणार. मी म्हणतच होतो.

दुष्काळी_पिचर, ६.२४
पाच मिनिटं राहिलीत. मग १९ होमरनवाल्याला काय घरी बसवू का?

गंगाथडी, ६.२५
डीएचला टाक. म्हाताऱ्याला बाकावर बसव. करार आहे म्हणून खेळवायचं असं कुठं लिहिलंय? पगार तर दोन्हीकडून जाणारच.

आकडेवाला_जालना, ६.२६
ट्रिपल ए मध्ये, म्हणजे लगेच खालच्या लीगच्या संघात, ज्याचा हात चांगला आहे तो कुणीही वर आण. बॅटिंगकडं बघूच नकोस. पाठव लवकर.

दुष्काळी_पिचर, ६.२९
पाठवली.

उदगीरचा_उद्योगी, सकाळी ९.४०
रात्रीत सगळे झोपलेलं बघून माझा मुद्दा गाडला. म्हाताऱ्याला बाकावर बसवण्यापेक्षा विकणं चांगलं की नाही? गडी विकायची मुदत जुलैअखेर संपते.

आकडेवाला_जालना, ९.५५
तीन वर्षांचा करार असलेला म्हातारा घेणारं गिऱ्हाईक तू आण, विकायला मी सांगतो त्याला. त्यापेक्षा घरच्या मैदानाचं बोला. पिट्सबर्गला उजवीकडं २१ फुटी भिंत आहे, त्यांचा जुना खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटेच्या २१ नंबरवरून ठेवलेली, पण ती बाजू जवळ आहे. डावीकडचं मैदान मात्र खोल, डावीकडून मध्याकडं सरकताना ४१० फुटांपर्यंत जातं. म्हणजे उजव्या हातानं ओढून मारणाऱ्याचे होमरन तिथं झेल होतात. @धागाकर्ता, तुझे होमरनवाले सगळे उजव्या हाताचे आहेत का?

दुष्काळी_पिचर, शनिवार सकाळी ७.३५
दोन सिम झाले. मधे आलो नाही, दुबार पेरणी करावी लागली.

१३ सामने, ६ जिंकले, ७ हरलो. नवा शॉर्टस्टॉप ४१ वेळा बॅटिंगला आला, ७ हिट. बघवत नाही. पण दोन आठवड्यांत एररच्या रकान्यात त्याच्या नावापुढं एकच आकडा आहे. काल ११ व्या इनिंगला २-१ नं हरलो. सामन्याची नोंद वाचली, दहाव्या इनिंगला बेस भरलेले असताना त्यानं डावीकडं झेप घेऊन चेंडू अडवला, गुडघ्यावरूनच दुसऱ्या बेसवर फेकला, इनिंग खलास. कॉम्प्युटरनं लिहिलेली एक ओळ, तरी तीनदा वाचली.

आणि हो, होमरनवाले पाचही उजव्या हाताचे आहेत. ते विचारायचं राहिलंच होतं बहुतेक.

आकडेवाला_जालना, ७.३९
विचारलं होतं. मंगळवारी. वर जाऊन वाच.

परभणी_आई, ७.५०
सर, ते सावकाश लिहिणार होतात.